मंगळवारच्या संध्याकाळी बुधवारचा बाजार

“मावशी, फोन ठेवा,” बूथवाला म्हणाला. “तुमच्या अक्काले सोमवारी आत नेलं. भाऊजीलेही नेलं.”

मी विचारलं, “आत म्हणजे कुठं?”

आत म्हणजे कुठं ते मला माहीत होतं. तरी विचारलं. माणूस असंच करतो.

“आत म्हंजे आत. जंगलात. सभा हाय म्हनते त्यांची.” तो हळू बोलत होता, जवळ कोणीतरी उभं असावं. “शनिवारी पोलीस आले होते तिच्या घरी. तीस-पस्तीस जन, बंदुका घेऊन. तिचं नाव घेऊन घर विचारलं. अख्ख्या गावानं पाह्यलं. मावशी, एक खरं सांगा. तुमच्याकडून कोनं पोलिसाले फोन केला होता का?”

माझा मुलगा तिथेच स्वयंपाकघरात उभा होता. भांडी धुण्याच्या मशीनमधून एकेक ताटली काढून कपाटात लावत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हातातली ताटली ओट्यावर ठेवली.

“केला होता,” मी बूथवाल्याला म्हटलं. “मीच करायला लावला.”

मग फोन बंद झाला. त्याने ठेवला की लाईन गेली, कळलं नाही.

हे चँडलरला झालं, ॲरिझोनामध्ये, मुलाच्या घरी. नवरा गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, भाऊजी म्हणजे तिचा नवरा. ती चंद्रपूरच्याही पुढे, जिथे डांबरी रस्ता संपतो तिथून नऊ किलोमीटर आत राहायची. माझं माहेर तेच आणि सासरही त्याच गावात. रस्ता होता तिथपर्यंत एक सरकार, रस्ता संपला की दुसरं. दुसरं सरकार म्हणजे जंगलातले दादालोक, बंदूक घेऊन पहिल्या सरकारविरुद्ध उठलेले. शहरातली माणसं त्यांच्याबद्दल पेपरात वाचतात. आमच्या दारात ते पाणी मागायला यायचे.

त्यांच्याबद्दल लोक मला इथे विचारतात. सुनेच्या मैत्रिणी विचारतात, “मावशी, भीती नाही वाटायची?” वाटायची. जंगल खात्याचे गार्ड यायचे, कोंबडी न्यायचे, बायकांच्या डोक्यावरची मोळी खाली पाडायचे, ते दादालोकांनी बंद केलं. तेंदूपत्त्याच्या पुड्याला ठेकेदार देईल तो भाव घ्यायचो, तो भाव त्यांनी वाढवून घेतला. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला चावडीसमोर उभं करून त्याच्या बायकोकडून थोबाडीत द्यायला लावली, ती मी डोळ्यांनी पाहिली आणि मला बरं वाटलं. मग त्यांनीच आमच्या पोलीस पाटलाला घरातून नेलं आणि तो तीन दिवसांनी नाल्याकाठी सापडला. तो पाटील लबाड होता, पण त्याची मुलगी माझ्याकडे दूध घ्यायला यायची. हे सगळं एकाच गावातलं, त्याच माणसांचं काम. एक सांगून दुसरं गाळायचं हे मला जमत नाही.

त्यांचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. गावाबाहेर जायचं तर सांगून जायचं. कुठे, कशाला, परत कधी. अंधार पडायच्या आत परत यायचं. पोलिसाशी बोलायचं नाही, त्याच्या हातचं काही घ्यायचं नाही. रस्त्यात त्याने पाणी दिलं तरी नाही. पोलीस गावात आले तर ते कोणाच्या दारात थांबले, किती वेळ थांबले, हे आधी सगळं गाव बघायचं आणि मग आतले लोक सभा भरवून जाब विचारायचे.

अक्काचा बुधवार त्यांना सांगून ठरला होता. बुधवारी बाजार. ती पहाटे निघायची, नऊ किलोमीटर चालून आठच्या सुमारास बाजारात पोचायची. चारोळी, चिंच, झाडू, हंगामात मोहाची फुलं. चिंचेच्या मोठ्या झाडाखाली तिची जागा. समोर रस्त्यापलीकडे फोनचा बूथ. तिथून बाहेर फोन लावायला तिला येत नव्हतं, पण तिथे आलेला फोन धरता येत होता. तिच्या बुधवारी सकाळी आठ वाजता इथे मंगळवारचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असायचे.

इथे आमच्या गल्लीत बुधवारी कचऱ्याची गाडी येते. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी लोक चाकांचे डबे ओढत रस्त्याकडेला आणून ठेवतात. घरघर, घरघर. तो आवाज सुरू झाला की मी हात पुसून फोनजवळ जाऊन बसायची. सून कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबून द्यायची. आधी एक बाई इंग्रजीत किती मिनिटं उरली ते सांगायची, मग टुक टुक व्हायचं, मग बूथवाला, मग अक्का.

अक्का फोनवर ओरडायची. अमेरिका लांब आहे, मग ओरडायला नको?

“जेवली का व?”

“जेवले. तू?”

“मी आत्ता आलो, आता कुठं जेवतो? अव, तुह्याकडं मोहाची झाडं हायत का नाही?”

“नाहीत.”

“मंग लोक पितात काय?”

“दुकानातून आणतात. बाटलीत.”

“बाटलीत,” ती बूथवाल्याला सांगायची, “बाटलीत घेऊन पितात म्हनते, आनि तिले वाटते ती मोठ्या देशात गेली.” आणि दोघं हसायची. मी इकडे ओरडून उत्तर द्यायची. नात तिच्या खोलीतून विचारायची, “आजी, व्हाय आर यू येलिंग?” मी म्हणायची, तुझी आजी बाजारात आहे, बाजारात हळू बोलत नाहीत.

तेवढाच माझा आठवडा होता. बाकी दिवस मी काय करत होते ते सांगण्यासारखं नाही. घर मोठं, थंड, सगळी दारं बंद. बाहेर अंगणात माती नाही, खडी पसरलेली. नवऱ्याचं दुःख होतं, पण ते मी सोबत घेऊन आले होते, त्याची सवय होती. अक्काची सवय मात्र मोडत नव्हती. साठ वर्षं आम्ही एकाच गावात राहिलो. मी काय बोलणार ते तिला आधी कळायचं आणि ते कसं चूक आहे ते ती सांगून टाकायची. इथे मला कोणी चूक म्हणत नव्हतं. सगळे म्हणायचे, “हो आई, बरोबर आई.”

त्या वर्षी मार्चमध्ये ती एक बुधवार आली नाही.

मी म्हटलं, मोह पडायला लागला असेल, वेचत असेल. पण मोह पडतो त्याच दिवसांत ती बाजार सोडत नाही. दुसऱ्या बुधवारीही आली नाही. बूथवाला म्हणाला, “त्या गावचं कोनीच आलं नाही मावशी, का माहीत काऊन.” त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. रस्ता बंद असेल, कोणी मेलं असेल, सभा असेल. इथल्या संत्र्याच्या झाडांना तेव्हा फुलं आली होती. संध्याकाळी सगळ्या गल्लीभर तो वास यायचा. चांगला वास आहे. मला मात्र तो चुकीचा वास वाटायचा. त्या दिवसांत मोहाचा वास यायला पाहिजे होता.

आता माझी चूक सांगते. त्याच्या आदल्या महिन्यात आमच्या शेजारचा म्हातारा दार उघडेना. गोरा माणूस, एकटा, बायको गेलेली. टपाल पेटीत साचलेलं. सुनेने दोनदा बेल दाबली, मग तिने पोलिसांना फोन केला. मला वाटलं, ही काय करते आहे, पोलिसांना कोणी आपण होऊन बोलावतं का! पण दोन पोलीस आले, एक बाई आणि एक बाप्या. गॅरेजचं दार वर होतं, मी तिथे उभी राहून सगळं पाहत होते. त्यांनी हाका मारल्या, मागून जाऊन दार उघडलं. म्हातारा खुर्चीत बसलेला होता. कानातल्या यंत्राचा सेल संपला होता, म्हणून ऐकू येत नव्हतं, एवढंच. त्या बाईने त्याला पाणी दिलं. बाप्याने सेल बदलून दिला. मग ते दोघे गाडीत बसले आणि गेले. म्हाताऱ्याने हात हलवला. कोणी त्याला काही विचारलं नाही, पोलीस तुझ्या दारात का आले होते म्हणून.

ते माझ्या मनात राहिलं. मी गुरुवारी मुलाला म्हटलं, “तसंच करू या.”

“तसंच म्हणजे?”

“पोलिसांना सांगू या. अक्काकडे जाऊन बघून येतील.”

तो माझा मुलगा. त्याच गावचा. आठ वर्षांचा होता तेव्हा मी त्याला आश्रमशाळेत घातलं आणि तिथून तो नागपूरला आणि नागपूरहून इकडे चिप बनवायच्या कारखान्यात. त्याला गावाचे नियम ठाऊक होते, पण लहानपणी शिकलेल्या पाढ्यासारखे. येतात, पण मधला कधी विसरला ते कळत नाही. तो म्हणाला, “आई, इट मेक्स सेन्स. नंबर शोधतो.” सून पुण्याची. तिला तर हे आधीच करायला हवं होतं असं वाटत होतं.

आणि मी? मला काय झालं होतं? मी चौथी शिकलेली, ते सोडा. त्या गावात साठ वर्षं काढलेली बाई. कोणाच्या दारात पोलीस थांबले म्हणजे काय होतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? दोन वर्षं बंद घरात थंड हवेत राहून माझं डोकं इथलं झालं होतं, बाकी कुठलाच भाग इथला झाला नव्हता.

त्याने संध्याकाळी तिकडच्या पोलीस ठाण्यात फोन लावला, तिकडे शुक्रवारची सकाळ. अमेरिकेतून इंजिनिअर बोलतोय म्हटल्यावर साहेब स्वतः फोनवर आले. “खूप पोलाइट होते आई,” मुलगा म्हणाला. “म्हणाले, पर्सनली लक्ष घालतो.”

घातलं. साहेब चांगले असतील. मी त्यांना दोष देत नाही. शनिवारी ते स्वतः आले, आमच्याकडे कोणी गाडीने येत नाही, रस्त्यात सुरुंग असतात, म्हणून पायी आले. नऊ किलोमीटर. अक्का ओट्यावर बसली होती. पायात काटा मोडला होता, बोरीचा, तो पिकला होता, तिला चालता येत नव्हतं. दोन बुधवार न येण्याचं कारण तेवढंच. गावातली बाकीची माणसं का आली नव्हती, तर एका लग्नाला गेली होती.

पोलिसांबरोबर डॉक्टर नव्हता, पण पट्टी होती. त्यांनी तिचा पाय धुऊन पट्टी बांधली. साखरेची पिशवी दिली, दोन बिस्किटांचे पुडे दिले. साहेब म्हणाले, “आजी, तुमच्या बहिणीला दाखवायला फोटो काढतो,” आणि तिच्याजवळ ओट्यावर बसून फोटो काढला. मग गेले. इथल्या त्या बाप्यासारखेच. चांगलं काम करून गेले.

सोमवारी आतले आले. अक्काच्या पायाला पोलिसाची पांढरी पट्टी तशीच होती.

हे सगळं मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळलं. त्या मंगळवारी मला एवढंच कळलं की तिला आत नेलं आहे. मुलगा म्हणाला, “मी परत कॉल करतो, त्यांना सांगतो की रेस्क्यू करा.” मी त्याला म्हटलं, “तू आता कोणालाही फोन करायचा नाहीस. हात लावलास फोनला तर बघ.” तो रडायला लागला. चाळीस वर्षांचा माणूस. मी त्याला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. माझ्याजवळ त्याच्यासाठी तेव्हा काही नव्हतं. सून ताटल्या लावत बसली.

त्यानंतरचे सात दिवस मी घरात कमी आणि बाहेर जास्त काढले. गल्लीच्या टोकाला जायची, परत यायची. शेजारचा म्हातारा अंगणातून हात हलवायचा. त्याचा मला राग यायचा. त्याचा काही गुन्हा नव्हता.

पुढच्या मंगळवारी डब्यांची घरघर सुरू झाली. मुलगा म्हणाला, “नको आई. आपण कॉल केला तर तिला जास्त त्रास होईल.” तो बरोबर होता की नाही मला अजून माहीत नाही. मी सुनेला म्हटलं, “लाव.” तिने त्याच्याकडे न बघता आकडे दाबले. त्या एका गोष्टीसाठी मी तिचं पुढचं बरंच काही माफ केलं.

कार्डातली बाई म्हणाली, अकरा मिनिटं. मग टुक टुक. मग फोन उचलला गेला, पण बूथवाल्याने नाही.

“अमेरिकेवाली तूच का?”

मुलीचा आवाज. वीस-बावीसची असेल. मराठी शाळेत शिकलेली, घरची बोली वेगळी, आमच्याकडच्या आदिवासी मुली बोलतात तशी. मागे बाजाराचा गलबला ऐकू येत होता. ती साध्या लुगड्यात, टोपली घेऊन आली होती, असं बूथवाल्याने नंतर सांगितलं. बाजारातल्या मुलींमधली एक दिसत होती.

मी म्हटलं, “मीच. माझी बहीण कुठे आहे?”

“मी विचारनार, तू सांगनार. पोलिसाले फोन कोनं केला?”

“मी.”

“तुह्या बहिनीचा नवरा सांगते, त्यानं करायले लावला. तुही बहीन सांगते, तिनं. आता तू सांगते तू. तिघांत खोटं कोन?”

ते ऐकून मला इतका राग आला की भीती राहिलीच नाही. “ते दोघे खोटारडे आहेत,” मी ओरडले. “म्हातारे झाले आणि खोटं बोलतात. त्यांना फोन लावता येतो का विचार. अक्काला आकडे येत नाहीत. भाऊजी फोन कानाला उलटा धरतो. बूथवाल्याला विचार, आजवर त्यांनी एक तरी फोन लावला का ते.”

ती कोणाशी तरी बोलली. बूथवाल्याचा आवाज आला, “नाही जी, कधीच नाही, फकस्त आलेला धरते.”

“मंग तू काऊन केला?”

“दोन बुधवार आली नाही म्हणून.”

“बहीन बाजाराले नाही आली, म्हनून पोलीस?”

“इथे तसंच करतात.” मी तिला शेजारच्या म्हाताऱ्याचं सांगितलं. सगळं. दार, टपाल, कानातलं यंत्र, सेल. जगात त्याहून मूर्खासारखं काही मी कोणाला सांगितलं नसेल, आणि त्याच्यावर माझ्या बहिणीचा जीव होता.

ती म्हणाली, “पोलीस पानी पाजते?”

“हो.”

“आनि जाते?”

“जातात.”

“कोनाले नेत नाही?”

“नाही नेलं. मी पाहिलं.”

मागून कोणी पुरुष काहीतरी बोलला, त्यांच्या भाषेत. मी ती भाषा लहानपणी बोलायची, पण तो फार भरभर बोलला. दोघांपैकी कोणीतरी हसलं. बहुतेक तीच. ते हसणं चांगलं की वाईट, ते मी आजही ठरवू शकले नाही.

“तू त्या गावची ना?” ती म्हणाली. “मंग तुले माहीत नाही?”

“माहीत आहे.”

“माहीत असून केला.”

“हो. मूर्ख आहे मी. बाहेर येऊन झाले. शिक्षा द्यायची तर मला द्या.”

“तुले कशी देनार? तू तर तिकडं बसली.” हे ती चिडून नाही बोलली. जे आहे ते बोलली. मग म्हणाली, “ऐक. तुह्या बहिनीनं आता फोन धरायचा नाही. कधीच नाही. एक डाव धरला, तर मंग आम्ही बोलनार नाही, समजली?”

“म्हणजे ती आहे?”

“समजली का?”

“समजले. ती आहे ना?”

“मिरच्या घ्यायच्या हायत मले,” ती म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता, “आजी, फोटो काऊन काढू देल्ला तिनं?”

मला काय माहीत. अक्काचा आयुष्यात दुसरा फोटो नव्हता. काढू म्हटल्यावर बसली असेल सरळ.

कार्डावर सहा मिनिटं उरली होती.

पुढच्या बुधवारी बूथवाला म्हणाला, “नाही आली.” त्याच्या पुढच्या बुधवारी म्हणाला, “सोडलं मावशी. दोघालेही. आली घरी.” भाऊजींना हातात काठी देऊन, दोन्हीकडून धरून आणावं लागलं, असं कोणीतरी पाहिलं होतं. त्यांना आधीपासून दमा होता. त्यांना मारलं की नुसतं चालवलं, हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा बूथवाला म्हणाला, “मावशी, आता इचारू नोका.” घरी आल्यावर ते पंधरा-सोळा दिवस खाटेवर होते आणि मग गेले. भाऊजी माझ्या लग्नात माझ्या वडिलांच्या जागी उभे राहिले होते. फोन मी केला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण दुसरं कोण करणार? तरी त्यांनी सभेत उभं राहून आपलं नाव सांगितलं.

अक्का पाचव्या आठवड्यापासून बाजारात यायला लागली. मी दर मंगळवारी फोन करून बूथवाल्याला विचारायची, “आहे?” तो म्हणायचा, “हाय.” मग मी ठेवायची. एवढ्यासाठी कार्ड लागायचं. मुलगा म्हणाला, ईमेल करता येईल का कोणाला तिकडे. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

असे काही महिने गेले. एकदा मी “आहे?” म्हटल्यावर बूथवाला म्हणाला, “हाय. मावशी, तुमाले एक सांगू का? तिनं जागा बदलली. चिंचेखाली नाही बसत आता. इकडं बूथासमोर बसते, उन्हात. मी म्हनलं, अक्का, डोकं फिरलं का, तिकडं सावली हाय. तर म्हने, तुह्या बापाची जागा हाय का?”

मी फोन कानाला आणखी घट्ट लावला.

“थांबा,” तो म्हणाला. “फोन तिनं धरायचा नाही. मी धरला तर चालते ना?” आणि त्याने फोनची तार ताणून तो खिडकीबाहेर धरला.

आधी नुसता कालवा. सायकलची घंटी, कोंबड्या, कोणाचं तरी पोर रडत होतं. मग अक्का. दहा पावलांवरून, पण मी आईच्या पोटातून आल्यापासून तो आवाज ऐकलेला.

“चारोळी! अव बाई, हात नोको लावू नुसती, घ्यायची तर घे! काल फोडलेली हाय. नाही, कमी नाही होत. जा मंग, जा, तिकडं घे, किडे खा.”

सून माझ्यामागे उभी होती. मी तिला फोन कानाला लावून दिला. पुण्याच्या पोरीला त्यातलं निम्मं कळलं नसेल. ती म्हणाली, “आई, किती भांडतात या.” मी म्हटलं, “बरी आहे म्हणून भांडते.”

त्यानंतर तीन वर्षं मी माझी बहीण अशी ऐकली. मंगळवारी साडेसात, डबे रस्त्यावर, बूथवाल्याचा हात खिडकीबाहेर. पाच मिनिटं, कधी दहा. तिने माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही आणि ती बोललीही नाही. फोन बाहेर आला की ती बघायची, असं तो सांगायचा, आणि मग जरा जास्त ओरडायची. गिऱ्हाईक नसलं तरी ओरडायची. कोणी नसताना ओरडते म्हणून शेजारच्या बाया तिला हसायच्या, तेही मला ऐकू यायचं. मला बोलायचं खूप होतं. भाऊजींबद्दल बोलायचं होतं. तिने मला चूक म्हणायला हवं होतं, चांगलं मोठ्याने, शिव्या देऊन. दर मंगळवारी मी कान लावून तेच ऐकायची वाट बघायची आणि दर मंगळवारी ती चारोळीचा भाव सांगायची. साखर टाकून दिली का, पाय बरा झाला का, रात्री एकटी घरात कशी राहते, यातलं काही मला कळलं नाही. चारोळी त्या तीन वर्षांत चांगली आली, हे कळलं.

मुलगा म्हणायचा, आई, एकदा जाऊन येऊ. दरवर्षी म्हणायचा. मग त्याचे कागद अडकायचे, किंवा तिकडे काहीतरी फुटायचं, किंवा माझा गुडघा. मी गेले असते, तरी पोलिसांना बोलावणारी म्हणून गेले असते. ती मला दारात घेऊ शकली असती का, हे तिलाच ठरवावं लागलं असतं. तिला आणखी काही ठरवायला लावायचं माझ्या मनात नव्हतं.

दोन हजार आठमध्ये बूथ बंद झाला. बाजाराच्या गावात मोबाईलचा टॉवर लागला, लोक बूथवर यायचे थांबले. बूथवाला आता बियाणं विकतो. त्याने शेवटच्या दिवशी फोन नेहमीपेक्षा जास्त वेळ बाहेर धरला, कार्ड संपेपर्यंत. अक्का त्या दिवशी झाडू विकत होती. कार्डातली बाई म्हणाली, एक मिनिट. नंतर काहीच नाही.

त्या सगळ्यात असलेल्यांपैकी कोण राहिलं ते सांगते. बूथवाला राहिला. फोनवरची ती मुलगी दोन वर्षांनी जंगलात गोळी लागून मेली. पेपरात फोटो आला तो बूथवाल्याने ओळखला. भाऊजी राहिले नाहीत. अक्का राहिली.